सॅकमधली चैन

चैनीची वस्तू: जिच्यावाचून मुक्काम अडत नाही, तरी सॅकमध्ये हमखास जाते ती. फुगवायची उशी, पत्त्यांचा कॅट, स्टीलचा कप, चहासाठी आल्याचा तुकडा. कॅरीमॅट यात बसत नाही. गुहेतला गार कातळ अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून ती गरजेची.

मूळ वजन: अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरणारे वजन. ते साधारण 4.5 किलोच्या आत असेल तर ‘अल्ट्रालाइट’. चहापूड अन्नात मोडते, पातेले मात्र मोजले जाते.

उकळी: हरिश्चंद्रगडावर (1,424 मीटर) पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळते. चहा मुरायला वेळ लागतो.

लोकल: माहुलीसाठी आसनगावला किंवा पुढे कसाऱ्याला जाताना गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट नेण्यास मनाई आहे. डबा मुठीएवढा असला तरी ज्वलनशीलच. रेल्वे अधिनियम 1989च्या कलम 164 नुसार हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

घोंगडी: जाड लोकरीची. अंथरूण, पांघरूण आणि पावसात खोळ, तिन्ही कामे एकटीच करते. भिजली की जड होते.