बँडचे सूर आणि थकलेले कान

तरुणपणी मनात मुरलेले संगीत वार्धक्यात मोठा आधार देते. मात्र तो आधार मनापर्यंत पोहोचावा यासाठी आधी कानांची वाट मोकळी असावी लागते.

‘जॅझ’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ वाचक म्हणतील, “ते आमचे संगीत नव्हे. ते मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतले, साहेबलोकांचे.” हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपण भिवंडीत, कल्याणात किंवा वसईच्या पट्ट्यात वाढला असाल, रेडिओवर चित्रपटगीते ऐकली असतील, वरातीपुढे बँड वाजताना दारात येऊन उभे राहिला असाल, तर जॅझचे सूर आपल्या कानांवरून कितीदा तरी गेले आहेत. त्यांचे नाव तेवढे कोणी सांगितले नव्हते. आज ते सांगण्याचे कारण आरोग्याचे आहे. घरातील अबोल झालेल्या आजी-आजोबांशी पुन्हा संवाद जुळवण्याची एक वाट या सुरांतून जाते.

ताजमहाल हॉटेलपासून वरातीपर्यंत

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. या वादकांकडून नवी कला उचलण्याची तयारी असलेला एक वर्ग मुंबईत होताच. तो म्हणजे गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेले वादक. गोव्यात चर्चलगतच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण लहानपणीच मिळे. मिकी कोरिया यांच्या बँडने १९३९ पासून जवळजवळ दोन दशके ताजमहाल हॉटेल गाजवले. बार्देशातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रंपेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

‘बिग बँड’ म्हणजे साधारण पंधरा ते सतरा वादकांचा ताफा. त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे गट असतात आणि पाठीशी पियानो, बास व ड्रम असतात. एका गटाने सुरांतून प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, ही त्याची मुख्य खूण. लावणीतील सवाल-जवाब किंवा पोवाड्यात शाहिरामागून उचलून धरणारे झीलकरी आठवले, तर ही पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. मध्येच एक वादक उभा राहून मनातले काही वाजवतो. आपल्या रागसंगीतातील ‘उपज’ या शब्दाने ते उत्तम समजते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रींचा रंग फिका पडला. याच काळात चित्रपटांचे वाद्यवृंद वाढत होते आणि अनेक वादक तिकडे वळले. पुणतांब्याला जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या गाण्यांत हा बाज मुक्तपणे वापरला. चिक चॉकलेट त्यांच्या सोबतीला होते. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) चित्रपटात त्यांच्या नावाचे गाणे आले, ती शिष्याने गुरूला वाहिलेली आदरांजली होती. अशा कित्येक वादकांची नावे पडद्यावर कधी झळकलीच नाहीत.

रेडिओ सिलोन आणि १९५७ साली सुरू झालेली विविध भारती यांच्यामार्फत ही गाणी घराघरांत गेली. तिथून ती लग्नाच्या बँडवाल्यांनी उचलली. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम आणि ढोल घेऊन, बहुधा केवळ ऐकून बसवलेली तीच गाणी वरातीपुढे वाजू लागली. वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ब्रास बँडची स्वतःची परंपरा आहे. भिवंडीभोवतालच्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. हे वाद्य मुळात जपानचे. १९१२ साली नागोया येथे ते तयार झाले. ताजमहाल हॉटेलची पायरी न चढलेल्या माणसापर्यंतही बिग बँडचा थाट पोहोचला, तो असा. वरातीपुढचे हे वादक म्हणजे आपल्या गावचे बिग बँडच होत.

हेच संगीत का?

माणसाला आयुष्यातील सर्वाधिक आठवणी साधारण दहा ते पंचवीस-तीस या वयातील राहतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. त्या वयात ऐकलेली गाणी सण, प्रेम, लग्न, पहिली नोकरी यांच्याशी बांधली गेलेली असतात. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण जुन्या गाण्याचा ठेका कानी पडताच त्याची बोटे हलू लागतात.

येथे अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि हरवलेली स्मृती परतही येत नाही. मात्र अशा रुग्णांमधील उदासीनता कमी होण्यास संगीताची मदत होऊ शकते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यांत दिसले आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना ठरावीक ठेक्यावर पावले टाकल्याने चालण्यात सुधारणा होऊ शकते. हा सराव मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करावा. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

गाणी निवडण्यासाठी साधा हिशेब करावा. आजोबांचा जन्म १९५० चा असेल, तर त्यांचे दहा ते पंचवीस हे वय १९६० ते १९७५ या काळात येते. त्या वर्षांतील गाणी शोधावीत. ते वाढले कुठे, हेही पाहावे. भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, भूमिपुत्र आगरी-कोळी आहेत. एकाच्या मनात बँडवर वाजलेले चित्रपटगीत असेल, दुसऱ्याच्या मनात कव्वाली, तिसऱ्याच्या मनात तेलुगू गाणे. एखाद्या घरात श्रद्धेमुळे वाद्यसंगीत वर्ज्य असेल. तेथे आवडत्या पठणाचा किंवा गोष्टींचा आधार घ्यावा. निवड ज्येष्ठांची असावी, आपली नव्हे.

यंत्रमागांच्या गावातील कान

आता मूळ अडचणीकडे वळू. यंत्रमागांच्या शेडमधील आवाज बहुधा ९० डेसिबलच्या पुढे असतो. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज सोसणाऱ्या कानांना कायमची इजा होण्याचा धोका असतो. तीस-चाळीस वर्षे मागावर घालवलेल्या माणसाच्या आतील कानातील नाजूक पेशी हळूहळू मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. वयोमानाची श्रवणहानी त्यात भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक लोकांना अडचण निर्माण करणारी श्रवणहानी असते.

या बहिरेपणाची चाल फसवी असते. आधी उंच पट्टीतले आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटतात. बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की तो एकदम टोचतो. “मोठ्याने बोला” म्हणणारे आजोबा दुसऱ्याच क्षणी “ओरडता कशाला?” म्हणतात, ते हेकटपणामुळे नव्हे; तो कानाचा दोष असतो. घरच्यांचा गैरसमज होतो, ज्येष्ठ बोलणे टाळू लागतात आणि एकाकीपणा वाढतो. स्मृतिभ्रंशाच्या ज्या धोक्यांवर उपाय करता येतो, त्यांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने श्रवणहानीची गणना केली आहे.

म्हणून गाण्याआधी कान तपासावा. अनेकदा नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने न कोरता डॉक्टरांकडून काढून घ्यावा. त्यानंतर श्रवणचाचणी करावी. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. अल्प उत्पन्न असलेल्या पात्र व्यक्तींना केंद्र सरकारच्या योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. तेथे चौकशी करावी. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांच्या आत, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. उशीर झाल्यास उपचारांचा उपयोग कमी होत जातो.

घरी कसे ऐकवावे?

• वेळ शांत निवडावी. दूरदर्शन संच, मिक्सर आणि शक्य असल्यास पंखा बंद ठेवावा. शेजारी माग चालू असेल, तर खिडकी लावून घ्यावी.

• आवाज आपल्या बोलण्याइतकाच असावा. फोनच्या बारीक आवाजापेक्षा एखादा छोटा स्पीकर समोर ठेवणे बरे.

• श्रवणयंत्र बोलणे स्पष्ट करण्यासाठी जुळवलेले असते. त्यातून बँडचे सूर चिरके वाटू शकतात. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी सोय असते. श्रवणतज्ज्ञाकडून ती लावून घ्यावी.

• वीस ते तीस मिनिटे पुरेशी. एका गाण्यानंतर थोडे थांबावे. त्या शांततेतच आठवण ओठांवर येते.

• ‘हे कोणते गाणे, ओळखा’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘तुमच्या वरातीत कोणता बँड होता?’ असे विचारावे.

• डोळ्यांत पाणी आले, तर घाबरू नये. हात हातात घ्यावा. अस्वस्थता वाढली, तर गाणे शांतपणे बंद करावे आणि पुन्हा लावू नये.

• लग्नात डीजे किंवा बँडच्या अगदी जवळ ज्येष्ठांना बसवू नये. कापसाचा बोळा पुरेसा नसतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वापरावेत.

जुन्या वादकांसाठी

आपल्या आळीत एखादे निवृत्त बँडवादक असतील. डीजे आल्यापासून अनेकांची वाद्ये पेटीत बंद आहेत. पुन्हा वाजवण्याची हौस असल्यास ती जरूर पुरवावी. मात्र चार गोष्टी पाहाव्यात. ट्रंपेटसारखे वाद्य जोराने फुंकताना डोळ्यातील दाब तात्पुरता वाढतो, म्हणून काचबिंदू असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे. हर्निया, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्यास परवानगीशिवाय फुंकू नये. कवळीमुळे ओठांची पकड बदलते. दंतवैद्याला वाद्य नेऊन दाखवावे. बरीच वर्षे बंद असलेले वाद्य आतून स्वच्छ केल्याशिवाय तोंडाला लावू नये, कारण त्यात बुरशी वाढते.

कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्यांना दम लागत असेल, तर आधी छातीची तपासणी करून घ्यावी. वाद्य न वाजवताही त्यांना एक साधा श्वसनाचा व्यायाम करता येतो. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळात तो सावकाश सोडावा. चक्कर आल्यास थांबावे.

या वादकांनी कित्येकांच्या लग्नांना सूर दिले. त्यांची नावे लग्नपत्रिकेत कधी छापली गेली नाहीत. त्यांना सणावाराला घरी बोलवावे, चहा द्यावा, जुन्या वराती कशा निघत ते विचारावे. त्यांचे नाव आणि त्यांच्या बँडचे नाव नातवंडांकडून वहीत लिहून घ्यावे. गप्पा ऐकण्यासाठी घरच्या आजोबांनाही शेजारी बसवावे, श्रवणयंत्र लावूनच. दोन जुने लोक एकाच काळातील गाण्याविषयी बोलू लागले, की फार काही करावे लागत नाही. आपण फक्त चहा ओतत राहावा.