कुत्र्याच्या कानातील मळ : आधी ओळख, मग सफाई

शेतवस्तीवरील राखणीचा कुत्रा सहसा कुरकुर करीत नाही. कान दुखू लागला की तो मागच्या पायाने खाजवतो, डोके एका बाजूस कलते ठेवतो, वारंवार मान झटकतो; आणि हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. मग हाताशी असेल ते कानात जाते. खोबरेल तेलात कापूर, कोमट मोहरीचे तेल, कधी रॉकेल आणि सर्वांत घातक म्हणजे जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेल्या औषधाच्या बाटलीत तळाशी उरलेले चार थेंब. तेलाने खाज थोडी शमते, कानातले काही परजीवी त्यात गुदमरतातही, आणि उपाय लागू पडला असा समज होतो. दोन-तीन आठवड्यांनी तोच कुत्रा पुन्हा कान खाजवू लागतो. मळ कशाने झाला हे पाहिल्याशिवाय कानात काहीही ओतणे म्हणजे कीड न ओळखता केलेली फवारणी होय.

माणसाची कर्णनलिका जवळजवळ सरळ आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. कुत्र्याची नलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. मध्यम व मोठ्या आकाराच्या कुत्र्यांत तिची लांबी 5 ते 10 सेंटिमीटर भरते. पडदा या वळणाच्या पलीकडे असल्यामुळे तो बाहेरून दिसत नाही. निरोगी कानात पडद्यापासून बाहेरच्या दिशेने त्वचेच्या पेशी सतत सरकत असतात आणि मळ आपोआप तोंडाशी आणून टाकतात. म्हणून फिकट, पातळ मळ असलेला, वास नसलेला कान दर आठवड्याला साफ करण्याची मुळीच गरज नसते. अति सफाईने उलट त्वचा हुळहुळते. कापसाच्या काडीने तर ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावी तसा मळ वळणापर्यंत ठासला जातो. मुधोळ किंवा राजपालयम यांच्यासारख्या पडलेल्या कानांच्या जाती, कोकण-गोवा-केरळसारखी दमट किनारपट्टी, कालव्यात वा शेततळ्यात डुंबण्याची सवय, यांपैकी काही असेल तर मात्र कानाकडे वरचेवर लक्ष द्यावे लागते.

भिंग आणि काळा कागद

कानातील कोळी हा लहान पिलांत आणि मांजरांत विशेष आढळणारा परजीवी. त्याचे शास्त्रीय नाव ओटोडेक्टस सायनोटिस. भेंडी किंवा वांग्यावरच्या लाल कोळ्याचा हा दूरचा नातलग. आठ पायांचा, जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटरचा, पांढुरका. तो त्वचा पोखरत नाही, नलिकेच्या पृष्ठभागावर राहून त्वचेचे कण व स्राव यांवर जगतो. त्याच्यामुळे साचणारा मळ काळपट, कोरडा, चहाच्या चोथ्यासारखा भुरभुरीत असतो. फुलकिडे पाहण्यासाठी विस्तार कार्यकर्त्याच्या खिशात जे 10 पट मोठे दाखवणारे भिंग असते, तेच येथे कामी येते. कानाच्या तोंडाशी आलेला थोडा मळ काळ्या कागदावर पसरावा, उन्हात किंवा दिव्याखाली थोडा वेळ ठेवावा आणि भिंगातून पाहावे. हलणारे पांढरे ठिपके दिसले तर निदान झाले. ते न दिसले तरी कोळी नाहीत असे ठरत नाही.

पीकसंरक्षणात शिकलेली एक गोष्ट येथे तंतोतंत लागू पडते. कोळी हा कीटक नव्हे. कीटकांवर चालणारे औषध त्याच्यावर चालेलच असे नाही. कपाशीवरील तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड कुत्र्यांच्या पिसवांवरील औषधांतही असते, पण एकट्या इमिडाक्लोप्रिडने कानातले कोळी मरत नाहीत. त्यासाठी त्याच्या जोडीला मॉक्सिडेक्टिन असलेले औषध लागते. दुसरी गोष्ट अंड्यांची. अंडे ते प्रौढ हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि पुष्कळ औषधांचा अंड्यांवर परिणाम होत नाही. त्यामुळे एकदा औषध घालून थांबलेला उपचार वाया जातो, आणि वस्तीवरील एका कुत्र्यावर उपचार करून उंदरांसाठी पाळलेली मांजर तशीच सोडली तर तोही वाया जातो. मांजरीच्या कानात कोळी असूनही ती पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही.

सगळा काळा मळ कोळ्यांचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ बहुधा मॅलासेझिया या यीस्ट बुरशीकडे बोट दाखवतो. पिवळसर वा हिरवट पू, दुर्गंधी आणि हात लावताच किंचाळणे ही जिवाणू संसर्गाची चिन्हे. वाळल्या कुसळी गवतातून फिरून आलेला कुत्रा अचानक एकाच कानाची मान झटकू लागला, तर आत कुसळ शिरल्याची शंका घ्यावी. कुसळाची रचनाच पुढे सरकण्याची असल्यामुळे ते मागे येत नाही आणि पडदाही भेदू शकते. ते पशुवैद्यकानेच काढायचे.

कानाच्या टोकाला खपल्या व रक्त दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा गोठ्यातील चावऱ्या माशीचा असतो. घरमाशीसारखी दिसणारी ही माशी तोंडातील टोकदार सोंड खुपसून रक्त पिते. तिची पैदास मूत्राने भिजलेल्या, कुजक्या चाऱ्यात आणि शेणात होते. अशा वेळी कान आतून धुण्याचा काहीच उपयोग नाही. गव्हाणीखालचा ओला चारा आठवड्यातून एकदा तरी उचलून पसरून वाळवणे हाच खरा इलाज. ही जखम उघडी राहिली की तिच्या कडेला क्रायसोमिया बेझियाना ही माशी एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. कानात अळ्या पडलेल्या कुत्र्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. घरी टर्पेंटाइन ओतू नये. पडदा फाटलेला असल्यास ते सरळ मधल्या कानात उतरते.

पाळीच्या घडीत बसलेला तपकिरी गोचीड मात्र घरी काढता येतो. चिमट्याने त्वचेलगत धरून सावकाश सरळ ओढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा. बिडीचा चटका देऊ नये, बोटाने चिरडू नये. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत चढते आणि तेथे हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या बसण्याच्या जागेच्या भेगा बुजवणे हाही कानाच्या निगेचाच भाग समजावा.

सफाईची रीत

दवाखान्यात जायचे असेल त्या दिवशी कान धुऊ नये, कारण मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. एरवी द्रावणाची बाटली हातात धरून शरीराच्या तापमानाइतकी कोमट करावी. गार द्रावणाने कुत्र्याला भोवळ येऊ शकते. कानाची पाळी हलकेच वर धरून नलिका भरेल इतके द्रावण सोडावे, बाटलीचे टोक आत खुपसू नये. मग कानाच्या बुडाशी बाहेरून अर्धा ते एक मिनिट चोळावे. पचपच असा आवाज आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोहोचले. यानंतर कुत्र्याला मनसोक्त मान झटकू द्यावी. अर्धे काम तोच करतो. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट सहज जाईल तेवढाच भाग पुसावा. प्रत्येक कानासाठी कापूस वेगळा घ्यावा.

दुखऱ्या कानाला हात लावताच घरचा कुत्राही चावतो. तोंडाला मऊ पट्टी बांधूनच काम करावे, पण धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड फार वेळ बांधून ठेवू नये. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने 15 मिनिटे धुऊन रेबीजप्रतिबंधक लशीसाठी त्वरित दवाखाना गाठावा.

बाटलीवरील अक्षरे

बाजारातील द्रावणांचे काम घटकांवरून ओळखावे, वेष्टनावरील चित्रावरून नव्हे. डॉक्युसेट सोडियम, स्क्वालेन, प्रोपिलीन ग्लायकॉल हे मळ सैल करतात. लॅक्टिक, सॅलिसिलिक, बोरिक किंवा अॅसेटिक आम्ल असलेली सौम्य द्रावणे कान कोरडा ठेवतात व यीस्टला आळा घालतात. पोहणाऱ्या कुत्र्यासाठी ती योग्य. क्लोरहेक्सिडिन जंतुनाशक आहे. पडदा शाबूत नसेल तर यांतील कित्येक घटक आतल्या कानाला इजा करून बहिरेपणा आणि तोल जाणे ओढवू शकतात. जेंटामायसिन असलेल्या, माणसांसाठीच्या कानाच्या थेंबांनाही हेच लागू. पडद्याची अवस्था यंत्राशिवाय दिसत नाही. म्हणून पहिली बाटली पशुवैद्यकाने कान तपासून सुचवलेली असावी. तोवर बाहेरील पाळी 0.9 टक्के सलाइनने पुसण्यापुरतेच काम करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, फिनेल यांना कानात जागा नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे टी ट्री तेलही कुत्र्या-मांजरांना विषारी ठरू शकते.

गोठ्यातील औषधांविषयी अधिक कडक राहावे लागेल. 12.5 टक्के अॅमिट्राझ हे पातळ करून अंगावर लावण्यासाठी असते. ते कानात गेल्यास आणि शोषले गेल्यास कुत्रा सुस्त होतो, हृदयाची गती मंदावते. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिन इंजेक्शनच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. अंदाजाने दिलेला थेंब लहान पिलाला जड जातो, आणि कोली वंशाच्या कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरून जीव घेऊ शकते. आता सेलामेक्टिनचे मानेवर सोडायचे थेंब, तसेच फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर यांच्या गोळ्या मिळतात. कानात काहीही न घालता त्यांनी कोळी मरतात, आणि या गोळ्या गोचिडांवरही चालतात. मात्रा वजनावर ठरते, आणि झटके येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या देण्यापूर्वी पशुवैद्यकाला तसे सांगणे आवश्यक असते.

मांजरीसाठी वेगळे औषध मागून घ्यावे. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजरीला मारक आहे, आणि कुत्र्याला लावल्यावरही ते वाळेपर्यंत दोघांना एका पोत्यावर झोपू देऊ नये.