मोटरवेच्या कडेचा नारिंगी तुकडा

हीथ्रोवर उतरलेल्या आईवडिलांना घेऊन स्लाउ किंवा रेडिंगच्या घरी निघालेलं मराठी कुटुंब बहुधा एम ४ मोटरवेच धरतं. मध्येच डाव्या हाताला रस्ता बाहेरच्या बाजूला रुंदावलेला दिसतो. त्यावर भडक नारिंगी रंग, शेजारी निळी पाटी, पाटीवर नारिंगी एसओएस फोनचं चित्र. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काय छान सोय आहे! पाय मोकळे करावेत, डबा उघडावा, पुण्याला ‘पोचलो’ म्हणून कळवावं.

ती जागा यातल्या कशासाठीच नाही. ‘इमर्जन्सी एरिया’ म्हणतात तिला, आणि ब्रिटनचा हायवे कोड तिथे थांबायला दोनच कारणं मान्य करतो: आणीबाणी किंवा गाडी बंद पडणं. फोन करायचा आहे, नकाशा बघायचा आहे, झोप येते आहे, यासाठी पुढची सर्व्हिसेस म्हणजे विश्रांतीची जागा गाठायची किंवा पुढच्या जंक्शनला बाहेर पडायचं. हा नियम कडक वाटेल, पण जागा थोडी असते. ती डबा खाणाऱ्याने अडवली, तर मागून धूर सोडत येणाऱ्याला चालत्या लेनमध्येच थांबावं लागेल.

असे तुकडे करावेच का लागले? पूर्वी मोटरवेच्या डाव्या कडेला सलग हार्ड शोल्डर असायचा, अडचणीत सापडलेल्या गाड्यांसाठी मोकळी ठेवलेली पट्टी. वाहतूक वाढली तसा रस्ता रुंद करण्यापेक्षा हीच पट्टी वापरायचा विचार पुढे आला. २००६ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम ४२ वर गर्दीच्या वेळी ती वाहनांना खुली होऊ लागली. २०१४ मध्ये एम २५ च्या काही भागांवर ती कायमची चौथी लेन झाली. एम ४ चा जंक्शन ३ ते १२ हा टप्पा २०२२ मध्ये तसाच पूर्ण झाला. अशा रस्त्यांना ‘स्मार्ट मोटरवे’ म्हणतात. मात्र प्रत्येक स्मार्ट मोटरवेवर शोल्डर काढलेला असतो, हा समज चुकीचा आहे. काही ठिकाणी फक्त वेगमर्यादा बदलत्या आहेत, शोल्डर जागेवर आहे.

फरक पडला तो अंतरात. एम ४२ वर थांबायच्या जागा साधारण पाचशे-सहाशे मीटरवर होत्या. पुढच्या रस्त्यांसाठी हे अंतर २.५ किलोमीटरपर्यंत चालेल असं ठरलं. ताशी ९६ किलोमीटर वेगानेसुद्धा ते कापायला दीड मिनिट लागतं, आणि इंजिन गेलेल्या गाडीकडे दीड मिनिट नसतं. २०१९ मध्ये शेफील्डजवळ एम १ वर किरकोळ धडकेनंतर थांबलेल्या दोघांना मागून आलेल्या लॉरीने चिरडलं. चौकशीत लॉरीचालकाचा निष्काळजीपणा हे मुख्य कारण ठरलं. तरीही अशा रस्त्यांवर आणखी मृत्यूंचा धोका कायम असल्याचा इशारा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने दिला. अंतराचा प्रश्न बाजूला सारणं अक्षम्य ठरलं असतं. नव्या कामांसाठी अंतराची मर्यादा एक मैलावर आणली गेली.

मग जुना शोल्डर पूर्ण सुरक्षित होता का? तसंही नाही. शोल्डरवरही दरवर्षी शंभराहून अधिक माणसं दगावत किंवा जखमी होत, असं २०२० च्या सरकारी आढाव्यात नोंदलं आहे. याच आढाव्यातून दिसलं, की शोल्डर नसलेल्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीला धोका वाढतो, पण चालत्या गाड्यांच्या काही अपघातांचा धोका घटतो. स्मार्ट मोटरवेचे समर्थक आणि विरोधक, दोघेही यातला अर्धाच भाग सांगतात.

नारिंगी तुकड्यावर पोचलं की सुटलो, हा सर्वांत घातक समज. तिथेही गाडीत बसून राहायचं नसतं. डावीकडच्या दारांनी उतरायचं, कठड्यामागे जायचं आणि एसओएस फोन उचलायचा. तो थेट नियंत्रण कक्षात लागतो, आणि गाडी कुठे आहे हे तिथल्या माणसांना कळतं.

आणि गाडी पुन्हा सुरू झाली तर? बहुतेकांना वाटतं, आरसा बघायचा आणि निघायचं. हा तुकडा असतो जेमतेम १०० मीटरचा. शेजारच्या लेनमधली गाडी ताशी ११२ किलोमीटर वेगाने तेवढं अंतर तीन सेकंदांत पार करते, आणि थांबलेल्या गाडीला तेवढ्या जागेत तो वेग घेता येत नाही. सलग शोल्डरवर वेग वाढवून मग आत शिरता येई, इथे ती सोय नाही. म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा तोच फोन करायचा. गरज पडल्यास नियंत्रण कक्ष वरच्या फलकावर लाल फुली दाखवून लेन बंद करतो. ती फुली ओलांडणाऱ्याला १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन गुण.

आपल्याकडे ट्रक बंद पडला की मागे दगड आणि झाडाची फांदी मांडतात, कारवाले लाल त्रिकोण ठेवतात. ब्रिटिश मोटरवेवर त्रिकोण ठेवायला मनाई आहे, कारण तो ठेवायला चालत जाणारा माणूसच गाडीखाली येऊ शकतो. चालत्या लेनमध्येच अडकलात आणि बाहेर पडणं धोक्याचं असेल, तर पट्टा बांधलेला ठेवून चारही इंडिकेटर लावायचे आणि ९९९ ला फोन करायचा. रडार आपल्याला लगेच पाहील या भरवशावर राहायचं नाही. थांबलेली गाडी ओळखणारी रडार यंत्रणा बसवली आहे, पण ती ठरलेल्या कसोट्यांना उतरली नसल्याचं नियामकाने २०२२ च्या अखेरीस दाखवून दिलं.

एप्रिल २०२३ मध्ये सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले, म्हणून शोल्डर परत आले असं अनेकांना वाटतं. आहेत ते रस्ते तसेच चालू राहिले. त्यांवर १५० हून अधिक नवे इमर्जन्सी एरिया बांधायला ३९ कोटी पौंड ठरवले गेले आणि पुढची जागा किती अंतरावर आहे हे सांगणाऱ्या पाट्याही वाढल्या. एम ४ वरून घरी जाताना चालकाशेजारी बसलेल्याने त्या वाचत राहाव्यात.