पाचगणीचा पियानोवाला आणि क्वीनच्या आख्यायिका

क्रिकेटचा सामना असो की कॉलेजचं गॅदरिंग, दोनदा पाय आपटून एक टाळी वाजली की क्वीन या ब्रिटिश बँडचं 'वी विल रॉक यू' ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. हा ठेका हजारो प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियममध्ये मुद्रित झाला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात 1977 साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत मोजक्या माणसांनी तिथे पडलेल्या फळ्यांवर पाय आपटले. त्या ठेक्यात ड्रमही नाही. गिटारवादक ब्रायन मे याने तोच आवाज थोड्याथोड्या उशिराने पुन्हापुन्हा त्याच्यावर चढवला. हा उशीर त्याने मूळ संख्यांच्या हिशेबाने ठेवला, म्हणजे कानाला प्रतिध्वनी न वाटता गर्दी वाटावी. एखाद्या पुळणीवर अख्खा गाव नाचला तरी हे जमायचं नाही, कारण वाळू आवाज गिळते. फळीच हवी.

हे गणित सुचलं, कारण मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने 2007 मध्ये इम्पिरियल कॉलेजात पूर्ण केली. विषय होता सूर्यमालेतली धूळ. त्याची गिटारही त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनवली, आणि तिच्या दांड्याचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं. थापा वाटाव्यात अशा या गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्याकडची लाडकी गोष्ट मात्र अर्धीच खरी: 'फ्रेडी मर्क्युरी आपला, पाचगणीचा.' क्वीनचा गायक फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, जन्मला झांझिबारमध्ये, 5 सप्टेंबर 1946 रोजी, पारशी कुटुंबात. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तिथे मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. पण गायक होता ब्रूस मरे, फारुख पियानोवर. 1963 मध्ये तो झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. जगाने ऐकलेला गायक तिकडे घडला. पाचगणीने त्याला पियानो आणि रंगमंच दिला, हेही काही थोडं नाही. उगाच जास्त श्रेय कशाला घ्यायचं?

त्याचा आवाज चार सप्तकांचा होता, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण केलं. चार सप्तकांना त्यांना दुजोरा मिळाला नाही. त्यांच्या नजरेत भरला तो त्याच्या आवाजातला कंप, इतर गायकांपेक्षा जलद आणि अनियमित. मला विचाराल तर हे सप्तकांच्या मोजणीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

सर्वांत जास्त गोंधळ घातला तो 2018च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपटाने. फ्रेडी एकट्याचा आल्बम काढायला निघतो, बँड फुटतो आणि 13 जुलै 1985च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीसाठी पुन्हा जुळतो, असं त्यात दाखवलंय. पण एकट्याचा आल्बम आधी काढला होता ड्रमवादक रॉजर टेलरने, 1981 मध्ये. आणि बँड फुटलाच नव्हता; 1985च्याच मे महिन्यात तो जपानच्या दौऱ्यावर होता. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या 'लाइव्ह एड'च्या त्या वीसेक मिनिटांआधी फ्रेडी साथीदारांना एचआयव्हीबद्दल सांगतो, हा प्रसंगही रचलेला. त्याचा जोडीदार जिम हटन याच्या सांगण्यानुसार निदान झालं 1987 मध्ये. चांगली तालीम केलेला बँड चांगला वाजला, एवढ्यावर हॉलिवूडचं भागलं नसावं.