लिंबू सरबत येतं ना? मग मार्गारिटाही येईल

मार्गारिटा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हॉटेलचा निमुळता ग्लास, कडेला मिठाची रेघ आणि बिलावरचा तो आकडा. प्रत्यक्षात त्या ग्लासात असतं काय? टकीला, लिंबाचा रस, गोडी आणि मीठ. टकीला बाजूला ठेवली तर उरतं ते आपलं लिंबू सरबत. ज्या घरात दर उन्हाळ्यात आंबट, गोड, खारट यांचं गणित आई न बघता जमवते, त्या घरातल्या मुलामुलींना ही चव नवी नाही. नवं शिकायचं ते फक्त मोजून ओतणं. सरबतात अंदाज चालतो, इथे का चालत नाही ते पुढे आकड्यांतच सांगतो.

त्याआधी कायद्याचं थोडं, कारण आपली माणसं वेगवेगळ्या राज्यांत आहेत. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा बडोदेकरांनी सरळ शेवटाकडे जावं, तिथे टकीलाविना प्रकार दिला आहे आणि तो कमअस्सल नाही. आमच्या गोव्यात वयाची अट २१ पूर्ण आहे, बाकीच्यांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा. आणि गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून डिकीत बाटली टाकून परवान्याशिवाय बेळगाव किंवा सावंतवाडी गाठणं हा गुन्हा आहे. नाक्यावर ‘घरच्यासाठीच आहे हो’ हे कारण चालत नाही.

आता टकीला. ही निवडुंगापासून करतात असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. ती होते अगावेपासून, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातल्या झाडापासून. काही भागांत त्याला केकताड म्हणतात. दख्खनच्या माळावर शेताच्या बांधाला लावलेली, भाल्यासारख्या काटेरी पानांची ती झुडपं बघितली असतील. ज्यांच्या वाखापासून दोर वळत, तीच. टकीलासाठी मात्र त्यातली एकच जात चालते, निळा वेबर अगावे. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात टकीला नावाचं गावच आहे, त्यावरून हे नाव आलं. १९७४ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरलेल्या भागांबाहेर केलेल्या दारूला टकीला म्हणता येत नाही. डेझमंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून आपल्याकडे अशीच दारू काढून दाखवली, पण तिच्या बाटलीवरही टकीला लिहिता येत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचा विचारही हाच.

अगावे पिकायला सहा-सात वर्षं लागतात. मग तोडणारा, त्याला तिथे हिमादोर म्हणतात, लांब दांड्याच्या गोल पात्याने सगळी पानं छाटतो आणि मधला गड्डा तेवढा ठेवतो. तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याचं नावही ‘पिन्या’, म्हणजे अननसच. कच्च्या गड्ड्यात साखर अशी नसते. भट्टीत भाजल्या-शिजवल्यावर त्यातल्या पिठूळ घटकांची साखर होते, मग रस काढून आंबवतात आणि गाळतात. सहा-सात वर्षांचं पीक एकदाच हाती येतं, म्हणून चांगली टकीला स्वस्त नसते.

बाटली घेताना एवढंच बघा, ‘शंभर टक्के अगावे’ लिहिलंय का. ते नसेल तर नियमानुसार निदान ५१ टक्के साखर अगावेची असते आणि बाकीची दुसरीकडची, बहुधा उसाची. रंगाला भुलू नका. सोनेरी रंग पिंपात मुरल्याचा असतो तसा कॅरॅमल घातल्याचाही असू शकतो. आपल्याला लिंबात मिसळायची आहे, त्यामुळे ‘ब्लांको’, म्हणजे न मुरवलेली पांढरी टकीला उत्तम. दोन महिन्यांहून जास्त मुरलेली ‘रेपोसादो’ही चालेल. वर्षाहून जास्त मुरलेली ‘आन्येहो’ लिंबात ओतणं म्हणजे आंबेमोहोराची खिचडी करून वर सॉस घेणं.

खरी गंमत लिंबाची आहे. इंग्रजी पाककृतीत ‘लाइम’ वाचलं की आपल्यातले हौशी लोक मोठ्या सुपरमार्केटात जाऊन हिरवी, जाड सालीची, बिनबियांची महाग लिंबं आणतात. ती पर्शियन लिंबं, अमेरिकेतल्या बारमध्ये बहुतेक तीच वापरतात. पण मेक्सिकोत घरोघरी जे बारीक, पातळ सालीचं, बियांचं लिंबू असतं ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. मूळ आशियातलं हे झाड अरबांबरोबर पश्चिमेकडे गेलं आणि स्पॅनिश लोकांनी ते अमेरिका खंडात नेलं. म्हणजे फोंड्याच्या बाजारात वाटा मांडून बसलेल्या बाईंकडे जे मिळतं, तेच इथे हवं आहे. पर्शियनपेक्षा ते आंबट जास्त आणि वासाला तेज.

फक्त रस काढताना घाई करायची नाही. लिंबू फ्रीजमधून काढून थोडं बाहेर ठेवा, ओट्यावर तळहाताने लाटल्यासारखं फिरवा, आडवं कापा. दाबताना साल पिरगाळून पिरगाळून शेवटचा थेंब काढलात आणि बिया चिरडल्या, तर कडवटपणा उतरतो. एका ग्लासाला दोन लिंबं लागतात, सुकी निघाली तर तीन. रस त्याच संध्याकाळचा हवा. बाटलीतला विकतचा रस वापरणार असाल तर टकीलाचे पैसे तरी वाचवा.

गोडीसाठी बारवाले अगावेचा पाक किंवा संत्र्याची लिकर वापरतात. सॅन फ्रान्सिस्कोत हुलिओ बेर्मेहो यांनी ‘टॉमीज’ या आपल्या घरच्या रेस्टॉरंटमध्ये ती लिकर काढून टाकून नुसता अगावेचा पाक घातला आणि तो प्रकार जगभर गेला. आपण त्याच वाटेने जाऊ. अगावेचा पाक महाग पडतो, म्हणून वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, बस. एकतारीच्या पुष्कळ अलीकडे थांबायचं, हा पाक पाण्यासारखाच हवा. बेळगाव-कोल्हापूरकडची काकवी घरात असेल तर रेपोसादोबरोबर ती सुरेख लागते. पांढऱ्या टकीलाला मात्र साधी साखरच बरी, काकवी तिची चव झाकते.

माप कुठून आणायचं? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. असं एक टोपण गरम पाण्याने स्वच्छ धुऊन या कामासाठीच ठेवलं की पेगमापाची गरज उरत नाही. टकीला ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली, पाक २० मिली. लिंबं फार आंबट असतील तर पाक पाचने वाढवा, पण ४५ला हात लावू नका.

शेकर नसला तरी अडत नाही. फिरकीच्या झाकणाची रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या, त्यात हे तिन्ही घाला, मोठाले पाच-सहा बर्फाचे खडे टाका आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. बारीक फुटका बर्फ नको, तो लगेच विरघळून पेय पाणचट करतो. थोडं पाणी मात्र व्हायलाच हवं, तयार ग्लासातला बराच भाग हलवताना वितळलेल्या बर्फाचाच असतो आणि त्यानेच चव मोकळी होते. हलवणं संपतं तेव्हा आतलं पेय शून्य अंशाच्याही खाली गेलेलं असतं. बर्फ शून्याचा, मग पेय त्याहून गार कसं? लहानपणी लाकडी पॉटमध्ये आईस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ टाकायचो ते आठवा. तिथे जे मीठ करतं ते इथे अल्कोहोल करतं. गोठणबिंदू खाली ओढला जातो, बर्फ वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची शोषून घेतो. शाळेत हा धडा दोन मार्कांना होता.

बर्फाचाच चुरा केलेली ‘फ्रोझन’ मार्गारिटा हवी असेल तर मिक्सरमधून काढा. मला तिच्यापेक्षा तिचं यंत्र आवडतं. १९७१ मध्ये डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट आईस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ते बनवलं. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एवढा मान आमच्या कोडला मिळायचा नाही.

मीठ कशासाठी? शोभेसाठी असतं असं वाटतं खरं, पण मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं. पन्ह्यात चिमूटभर मीठ घातलं की कैरी उठून दिसते, तेच इथेही. टेबल सॉल्ट नको, खडे मीठ खलबत्त्यात जाडसर कुटा. ग्लासच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती कड मिठात टेकवा, पण अर्धीच. म्हणजे ज्याला ज्या घोटाला मीठ हवं, त्याने ती बाजू ओठाला लावावी.

आता ४५ चा हट्ट का, ते. टकीलात साधारण ४० टक्के अल्कोहोल धरलं तर ४५ मिलीत १८ मिली, म्हणजे वजनाने सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपलं शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम निपटतं. म्हणजे एका ग्लासाचा हिशोब फिटायला दोन तास. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी हा एक ग्लास घेतला तर रक्तातलं प्रमाण १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा नेमकी ३० आहे. वजन कमी असेल तर, किंवा स्त्रीच्या बाबतीत, आकडा आणखी वर. एक मोजून घेतलेला ग्लास आणि आपण रेषेवर! मग मित्राने ‘घे रे, घरचंच आहे’ म्हणत बाटली तिरपी केली, की ४५चे ८०-९० कधी झाले ते कळत नाही. थंडगार आंबट-गोड चवीत टकीलाची धार लागतच नाही. व्हिस्कीचा जादा पेग जिभेला समजतो, मार्गारिटाचा समजत नाही. म्हणून घरी बेत असेल तर गाडीची किल्ली त्या संध्याकाळपुरती खुंटीवर, आणि पोटात आधी काहीतरी. भाजलेले शेंगदाणे, मसाला पापड, आमच्याकडे असाल तर रव्यातला बांगडा.

मीठ चाटून, एका दमात शॉट मारून, लिंबू चोखायचं हा प्रकार गोव्याच्या सहलीत सर्रास दिसतो. ज्या झाडाने सहा-सात वर्षं रस साठवला, तो अर्ध्या सेकंदात गिळायचा आणि चव लागू नये म्हणून वर लिंबू. मेक्सिकोत चांगली टकीला लहान घोटांनी पितात.

तिथे मार्गारिटापेक्षा घरगुती म्हणावी अशी ‘पालोमा’ही आहे. टकीला, लिंबू, चिमूटभर मीठ आणि वरून ग्रेपफ्रूटचा सोडा. मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा हसू आलं, कारण आमच्याकडे मार्च ते मे हेच चालतं. काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची उर्राक, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. दोन्ही गरम किनाऱ्यांवर माणसाला एकच गोष्ट सुचली. ग्रेपफ्रूटचा सोडा न मिळाल्यास लिम्का चालतो, फक्त मग पाक घालू नका. आणि फसफसणारी कुठलीही गोष्ट बंद बाटलीत हलवू नका, छत पुसावं लागेल.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो. चार जण घेणारे, पाच न घेणारे. घेणारे गच्चीवर, न घेणारे दिवाणखान्यात, आणि मधल्या जिन्यावर कुजबुज. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं कारणच नाही. कुणाच्या गोळ्या चालू असतील, कुणाकडे गोड बातमी असेल, कुणाला नुसतं नको असेल. त्यांच्या हातात कोमट कोकाकोलाचा प्लास्टिकचा ग्लास देणं मात्र पाहुणचाराला शोभत नाही. त्यांच्यासाठी, आणि बडोदेकरांसाठी, हा प्रकार: लिंबाचा रस २० मिली, पाक २० मिली, आल्याचा रस ५ मिली, एक मिरची उभी चिरून. बर्फासोबत तसंच बारा सेकंद हलवा, गाळा, वरून अर्धा ग्लास थंड सोडा. मिठाची कड तशीच, ग्लासही तोच. आल्या-मिरचीने घशाला जी धग लागते तिच्यामुळे हे सरबत राहत नाही. आमच्या आत्याला हे इतकं आवडतं की ती आता ‘तुमचं ते मार्गारिटा’ मागते आणि मोजायचं टोपण स्वतः हातात घेते.

रस काढून झाल्यावर हात साबणाने नीट धुवा, विशेषतः दुपारी अंगणात किंवा किनाऱ्यावर बेत असेल तर. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर कडक ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग, कधी फोडही येतात आणि आठवडे जात नाहीत. बारमध्ये काम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. उरलेला पाक काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो. उरलेला रस दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर.