'क ते घ'मध्ये घाटकोपर का सापडत नाही?

मुंबईच्या उपनगरी स्थानकांची यादी घ्या आणि डेटाबेसला 'क' ते 'घ' या टप्प्यातली नावं विचारा. कुर्ला येईल, कांजूरमार्ग येईल, खार, गोरेगावही येतील. घाटकोपर मात्र गायब!

अशा शोधासाठी वापरला जाणारा एसक्यूएलचा बिटवीन दोन्ही टोकं धरतो, हे खरं. पण मजकुराची तुलना अक्षरागणिक होते. पहिलं अक्षर सारखं निघालं की पुढे ज्याच्याकडे काही शिल्लक आहे, ते मोठं. म्हणून 'घाटकोपर' हे नुसत्या 'घ'च्या पुढे जातं. घणसोलीचंही तेच. उपाय सोपा: वरची मर्यादा 'घ'पर्यंत न ठेवता 'च'पेक्षा लहान अशी लिहा.

आकडे मजकूर म्हणून साठवले की आणखी गंमत. सोसायटीच्या यादीत फ्लॅट १०, फ्लॅट ९ च्या आधी लागतो, कारण १ हा ९ पेक्षा लहान. पिनकोड सगळे सहा अंकी, त्यामुळे ४०००७७ (घाटकोपर पूर्व) आणि ४०००८६ (घाटकोपर पश्चिम) यांचा क्रम बिघडत नाही. पण एखाद्याच्या आधी न दिसणारी स्पेस असली की तो थेट यादीच्या सुरुवातीला. ट्रिम आधी, शोध नंतर.

एक्सेलमध्ये व्हीलुकअपला चौथा घटक दिलाच नाहीत, तर तो अंदाजे जुळणी करतो आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतो. नसेल, तर चुकीचं उत्तर बिनदिक्कत देतो. नेमकं नाव हवं असेल तिथे फॉल्स लिहाच.

आणि हो, नुसत्या युनिकोड क्रमात क्षीरसागर 'क'मध्येच मोजले जातात. आडनावांच्या याद्या करणाऱ्यांनी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) एकदा तपासून घ्या.