चाकाबाहेरचा पत्रा

गोव्यात केरी नावाची गावं एकाहून अधिक आहेत. पेडण्यातलं केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी आहे. पलीकडच्या किल्ल्याकडे फेरीबोटीतून जावं लागतं. सत्तरीतलं केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणालगत. एकीकडे खारा वारा, दुसरीकडे घाटातला लाल चिखल आणि मध्ये डिचोलीचा खाणपट्टा. या भागात फिरणाऱ्या जीप, जिप्सी किंवा थारला लोखंडी फेंडर फ्लेअर बसवायचे, तर कारागिराला आकारापेक्षा गंजाचा विचार आधी करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो शेवटी होतो, आणि काम तिथेच फसतं.

फ्लेअर म्हणजे मडगार्डाच्या कमानीवर बाहेर काढलेला पत्र्याचा छज्जा. कंपनीच्या टायरपेक्षा रुंद टायर बसवले की ते बॉडीच्या बाहेर येतात. मग चिखल आणि खडी दारावर, काचेवर, मागून येणाऱ्यावर उडते. टायर उंचही असेल तर तो कमानीला घासतो आणि मडगार्ड कापावा लागतो. कापलेली कड कमकुवत होते, धारदार राहते. फ्लेअर उडणारा चिखल अडवतो आणि कापलेल्या कडेला पुन्हा बळ देतो.

गाडीगणिक काम बदलतं. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलीज जीपचा पुढचा मडगार्ड सपाट होता. तिथे पत्रा वाकवून जोडला की झालं. १९८५ साली आलेल्या जिप्सीच्या कमानीला गोलाई आहे, त्यामुळे तिथे हात लागतो.

मापं घेण्याआधी नवे टायर आणि सस्पेन्शन बसलेलं हवं. गाडी सपाट जमिनीवर उभी करून घेतलेलं माप फसवं असतं. एक चाक उंचवट्यावर चढवून स्प्रिंग पूर्ण दाबायची, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं आणि टायर जिथे जिथे जवळ येतो तिथे खडूने खूण करायची. त्या खुणांपलीकडे आणखी मोकळी जागा सोडायची, कारण टायरला चिखलाचा थर चढतो. मग पुठ्ठ्याचा साचा कापायचा. एका बाजूला तो मनासारखा बसला की उलटा करून दुसऱ्या बाजूला लावून बघायचा. जुन्या गाडीच्या दोन्ही कमानी सारख्या असतीलच असं नाही. एखादी कधी ठोकर खाऊन सरळ केलेली असते.

पत्रा साधारण १८ किंवा १६ गेजचा, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटरच्या आसपास. सोपी रीत दोन तुकड्यांची. कमानीवरून फिरणारी लांब पट्टी आणि तिच्या बाहेरच्या कडेला लागणारा अर्धचंद्र, दोन्ही सपाट पत्र्यातूनच निघतात. बॉडीला टेकणारी कड दुमडण्यासाठी तिला थोड्या थोड्या अंतरावर काप द्यायचे, वाकवायचं आणि काप वेल्डिंगने भरायचे. दुसरी रीत एकसंध पत्र्याची. वाळूच्या पिशवीवर ठोकून पत्रा फुगवायचा, मग हातोडा आणि डॉलीने, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, गुळगुळीत करायचा. ती देखणी दिसते, पण ताणला तिथे पत्रा पातळ होतो. चिखलातल्या गाडीला मी पहिलीच रीत सुचवीन. बाहेरच्या कडेला आतून सळई जोडली की हाताने दाबूनही ती हलत नाही.

खरी परीक्षा वेल्डिंगची. इतक्या पातळ पत्र्याला साध्या रॉडने भोकं पडतात, म्हणून बारीक तारेचं सीओटू वेल्डिंग बरं. सलग टाका ओढला की पत्रा तापून पिळतो. आधी दोन टोकांना टॅक, मग मध्ये, मग त्यांच्या मधल्या जागी, आणि प्रत्येक वेळी थंड होऊ द्यायचं. घाई केली की कमान लाटेसारखी होते आणि ती लपवायला वर पुट्टीचा थर येतो. पुट्टी ओल शोषते. उघड्या लोखंडावर ती लावली तर रंगाखाली गंज सुरू होतो. आधी इपॉक्सी प्रायमर, मग गरज असेल तिथे पातळ पुट्टी, हा क्रम मोडू नये.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा पावसाळ्याबाहेरही ओला ठेवतं. म्हणून फ्लेअरच्या आत माती साठेल असा एकही खळगा नको. आतला उतार खाली हवा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला भोक हवं. फायबरला गंज नाही, पण बोल्टपाशी ते तडकतं. लोखंड चेपलं तर कुठल्याही गावच्या गॅरेजात ठोकून सरळ होतं. म्हणून माझं मत पत्र्याच्या बाजूने आहे, मात्र आतून रंगवलेल्या पत्र्याच्या. कारागीर निवडताना बाहेरची चमक पाहू नका; त्याने केलेल्या जुन्या गाडीच्या कमानीत टॉर्च मारा.

फ्लेअर बॉडीला वेल्ड न करता बोल्टने बसवलेला चांगला. मध्ये रबराची पट्टी, भोकांच्या कडांना प्रायमर, मागून रुंद वॉशर. दरडीला घासला तर बारीक बोल्ट तुटावा, मडगार्ड फाटू नये.

मलेशियात १९९७ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा २०१४ मध्ये भारतात आली ती गोव्यातच, ऐन पावसाळ्यात. अशा स्पर्धेत हे काम शोभतं. रस्त्यावर मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. रुंदी वाढवण्याआधी आरटीओत विचारावं. केरीच्या वाळूवर गाडी घालायचा मोहही टाळावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे.

किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर दर आठवड्याला कमानीत आतून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पावसाळा संपला की बोल्ट काढून रबराखालची जागा बघावी. तिथे तांबूस डाग दिसला तर घासून, प्रायमर देऊनच फ्लेअर परत चढवावा.